आबांनी पसंत केलेला ट्रेलर

माणमधल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, गुळगुळीत झालेले टायर. दुसरी, थोरल्या आबांची मतं. टायर निदान भंगारवाला उचलून नेतो. मतं कोण नेणार? ती तिथंच पडून राहतात आणि प्रत्येक मताला एकेक किस्सा चिकटत जातो. मैत्रिणी म्हणतात, "शीतल, तुमच्या घरचं सांग ना काहीतरी, हसून हसून पोट दुखतं!" दुखू दे. मला मात्र हसू येत नाही, कारण या किश्श्यांत स्टिअरिंगवर जो माणूस बसलेला असतो, तो हसत नसतो.

आधी माणसं सांगते. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. आप्पा म्हणजे माझे वडील. आबा बोलायला लागले की यांची मान आपोआप हलते. पिढ्यानपिढ्या आम्ही मेंढरं राखली. आता कळप लहान झालाय आणि दारात पोकलेन आलंय. खोदाईचं हे मशीन एकवीस टनांचं, लोखंडी पट्ट्यांवर चालणारं. रस्त्यानं ते जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक कामावर ते गाडीवर घालून न्यावं लागतं. नेतात सलीमभाई. कोरेगावचे, वीस वर्षं जड गाड्या चालवणारे. आणि मी सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेली. घरात माझं पद काय? बिलं टाईप करणारी.

यंदा कोयनानगरच्या वरच्या अंगाला रस्त्यावर आलेली दरड उपसायचं काम मिळालं. घाटच घाट, त्यात पावसाळा. जुना दहा टायरी ट्रक तिथं चालणार नाही, एवढं एक सगळ्यांना पटलं. नवा ट्रक आणि ट्रेलर घ्यायचं ठरलं. कसला घ्यायचा, हे मी वजनं मांडून, ब्रेकचा हिशोब करून एका कागदावर लिहून दिलं. चुकीची गाडी घेतली तर ती घाटात सलीमभाईंना घेऊन खाली जाईल, हे त्या कागदाचं सार.

आबांनी कागद गुडघ्यावर पसरला आणि त्यावर तंबाखू निवडली.

* * *

त्या जुन्या ट्रकवर पोकलेन कसं चढायचं ते आधी ऐका. मातीचा ढिगारा करायचा, ट्रकचं मागचं तोंड त्याला लावायचं आणि पोकलेन त्या ढिगाऱ्यावरून ट्रकमध्ये घालायचं. आबांना या दृश्याचा केवढा अभिमान! "कोकरू चढल्यागत चढतंय बघा!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

एकदा दहिवडीजवळच्या तलावाचं काम संपवून निघालो. मशीन जरा जास्तच मागं उभं राहिलं होतं. सगळं वजन मागच्या चाकांवर, पुढची चाकं जमिनीला नावापुरती टेकलेली. सलीमभाईंनी शंभर फूट गाडी नेली आणि थांबवली.

"आबा, स्टिअरिंग लय हलकं लागतंय," ते म्हणाले.

कुठलाही ड्रायव्हर हे वाक्य उच्चारताना आतून हादरलेला असतो. स्टिअरिंग हलकं झालं, म्हणजे गाडी कुठं वळायची ते आता गाडी ठरवणार!

आबा खूश झाले. "मग झ्याकच की रं! हात दुखायचं न्हाईत!"

* * *

मी म्हणत होते, लोबेड घ्या. लोबेड म्हणजे बुटका ट्रेलर. त्याचा मशीन ठेवायचा फळा जमिनीपासून तीनेक फुटांवर असतो, त्यामुळे वरचं मशीन तारांना लागत नाही आणि वळणावर गाडी कलंडायची भीती कमी. आबांचं म्हणणं होतं, "बुटकं काय घ्यायचं? चारचौघांत उठून दिसलं पायजे."

उठून दिसण्याची आमच्याकडे सोय अशी होती. गावातून जाताना विजेच्या तारा पोकलेनच्या छपराला घासायच्या. म्हणून एक माणूस छपरावर बसायचा आणि हातातल्या बांबूनं तारा वर उचलून धरायचा. हा माणूस म्हणजे आमचे आप्पा. वय वर्षं अठ्ठावन्न.

एका पावसाळी सकाळी मी त्यांना तसं वर बसलेलं पाहिलं आणि ओरडले, "आप्पा, खाली उतरा! करंट लागेल!"

"बांबूला करंट लागत न्हाई," आबा खालून म्हणाले. स्वतः छत्रीखाली.

"वाळलेल्या बांबूला लागत नाही, आबा! हा भिजलाय! आप्पाही भिजलेत!"

"चाळीस वर्षं आमी काय शाळेत काढली का? आमाला कळतंय."

आई दारात उभी होती. ती आबांसमोर कधी बोलत नाही. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरत शांतपणे म्हणाली, "आवं, मेंढरांचा इमा काढलाय. ह्यांचा न्हाई काढला."

आप्पा उतरले. पण बांबू फेकला नाही. तो अजून शेडमध्ये आहे, "लागतो कवातरी" म्हणून!

* * *

साताऱ्याच्या शोरूममध्ये मीच घेऊन गेले होते सगळ्यांना. वाटलं, तिथं तरी कुणी माझ्या भाषेत बोलेल.

मी विचारलं, "चाळीस टनांच्या वर ओढणारा, मागचे दोन्ही ॲक्सल इंजिनवर फिरतात असा ट्रक हवाय. उतारावर इंजिन ब्रेक किती धरतो?"

सेल्समन आबांकडे वळला. "सर, केबिन एसी आहे."

मी पुन्हा विचारलं, "उतारावर, फुल लोडमध्ये?"

"सर, म्युझिक सिस्टिम कंपनीकडूनच येते." मग माझ्याकडे बघून गोड हसला. "मॅडम, तुम्ही चहा घेणार की कोल्ड्रिंक?"

"मी गिअर रेशो घेणार," मी म्हटलं. "असेल तर आणा, नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला बोलवा!"

आबांनी मला गप्प बसायची खूण केली आणि स्वतःचा एकमेव तांत्रिक प्रश्न विचारला. "पिवळ्या रंगात हाय का? आमच्या बिरोबाचा भंडारा पिवळा असतोय."

"येलो नाही, सर."

"मग न्हाई जमायचं," म्हणून आबा उठले. जगातली सगळ्यात सुरक्षित गाडी आम्ही नाकारली, कारण ती पांढरी होती. सलीमभाई तेवढ्या वेळात त्या पांढऱ्या गाडीत चढून बसले होते. ब्रेकच्या पेडलवर नुसता पाय ठेवून बघत होते. हाक मारल्यावर लगेच उतरले नाहीत.

* * *

नाना म्हणजे धाकटे चुलते. सगळी नोकरी मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये झाली, आता रिटायर होऊन गावी आलेत. ट्रेलरची चर्चा निघाली की ते हमखास मधे पडणार. "लोबेड-बिबेड काय न्हाई. मुंबईत असले उंच ट्रेलर मी रोज शंभर बघितलेत."

"कुठून बघितलेत, नाना?"

"बाल्कनीतनं!"

आणि या मताची घरात नोंद झाली. माझ्या कागदाची नाही.

* * *

मग सांगलीचा फेरा. तिथं रस्त्याच्या कडेला एकाचं सेकंडहँड गाड्यांचं आवार आहे. मालक माझ्याच वयाचा, काळा गॉगल डोक्यावर चढवलेला. आबांनी एक उंच ट्रेलर हेरला. त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. टायरला लाथ घातली. मग मेंढ्याची पाठ दाबून बघतात तशी फळ्यावर मूठ दाबली आणि निकाल दिला, "हाड मजबूत हाय."

मी ओढणी कमरेला बांधली आणि ट्रेलरखाली शिरले. मधल्या मुख्य पट्टीवर, बरोबर जिथं मशीनचं वजन येणार तिथं, हातभर लांबीचं वेल्डिंग होतं. त्यावर ताजा काळा रंग मारलेला. बोट लावलं तर बोट काळं झालं.

"पोरीच्या जातीनं गाडीखाली शिरायचं व्हय?" आबा वरून गरजले. "लोकं बघत्यात!"

"मग तुम्ही शिरा! कुणीतरी शिरायलाच पाहिजे ना? आबा, ही पट्टी मोडलेली आहे. जोडून वर रंग फासलाय!"

"जोडल्यालं हाड मूळच्यापरास घट्ट असतंय. आमच्या किती मेंढरांचं पाय जोडल्यात आमी."

मी काळं बोट त्यांच्या नाकासमोर धरून उभी राहिले. ते पलीकडून वळसा घालून मालकाकडे गेले.

आता, मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली दोघं हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. आबांनी खांद्यावरचा टॉवेल त्या पोराच्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि बोटं दाबायला सुरुवात केली. दोन बोटं. मग तीन. मग अख्खा पंजा. पोरगा आधी दचकला, मग लाल झाला, पण म्हाताऱ्या माणसाचा हात झिडकारायचा कसा म्हणून तसाच उभा राहिला.

"हात सोडला न्हाई!" आबांनी आमच्याकडे बघून जाहीर केलं. "सौदा पक्का!"

पोरगा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मॅडम, काकांची तब्येत बरी आहे ना?"

* * *

हा पुढचा किस्सा मी फार थोड्यांना सांगितलाय. ज्यांनी ऐकला तेही हसले नाहीत. पण तो वगळला तर बाकीच्यांना अर्थ नाही.

नवी गाडी अजून ठरायची होती, तोवर जुन्याच ट्रकवरून पोकलेन कोरेगावला न्यायचं होतं. वाटेत वर्धनगडचा घाट. कोयनेच्या मानानं लहान, पण उतार तो उतारच. सलीमभाईंनी माथ्यावरच गिअर खाली टाकला होता, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं, आणि गाडी रेटून, दाबून, पायरी पायरीनं उतरवत होते. केबिनमध्ये शेजारी आबा. मी मागून मोटारसायकलवर.

इंजिन कण्हत होतं. आबांना वाटलं, फुकट डिझेल जळतंय.

"आरं, उतार हाय की! न्यूट्रल टाक!" ते म्हणाले. सलीमभाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

तेव्हा आबांनी स्वतःच हात घातला आणि गिअरचा दांडा मधे ओढला!

मला मागून एवढंच दिसलं की ट्रकनं एकदम उसळी घेतली. एकवीस टन पाठीवर घेऊन तो मोकळा सुटला. मागच्या चाकांतून धूर यायला लागला, जळक्या रबराचा वास माझ्या तोंडावर आला. पहिलं वळण सलीमभाईंनी कसं काढलं मला माहीत नाही. दुसऱ्या वळणाच्या आधी त्यांनी ट्रक डोंगराच्या अंगाला नेला, कडेच्या गटारात डावी चाकं घातली आणि डोंगराला घासत घासत थांबवला. उजवीकडे दरी होती.

सलीमभाई उतरले. कठड्यापाशी बसले. खिशातून बिडी काढून पेटवली.

आबा मागून उतरले, धोतर झटकत. "काय रं? बिडी वढायला घाटात गाडी घातली व्हय?"

आबांना मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं, रस्त्यावर, सगळ्या वाहनांसमोर वाट्टेल ते बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. ते म्हणाले, "आमी ह्या घाटातनं हजार मेंढरं उतरवली, तवा तू जल्माला पन न्हवतीस!"

"मेंढराला स्वतःचा ब्रेक असतो, आबा! प्रत्येकाला, चार-चार पायांचा! याला उतारावर धरणारा एकच आहे, आणि तो तुम्ही काढून घेतलात!"

आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते चार दिवस घरात फार शांततेत गेले.

* * *

रेहानाभाभी कोरेगावला शिलाई करतात. सलीमभाईंची बायको. आमच्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. घाटाच्या प्रकारानंतर आठवड्यानं एसटीनं आल्या. आईसाठी ब्लाऊज शिवून आणला होता. मापाचा नव्हता, कारण माप कधी घेतलंच नव्हतं. येण्याला काहीतरी कारण हवं म्हणून शिवला असणार.

चहा झाल्यावर मला म्हणाल्या, "ताई, नवी गाडी घेताय म्हणं."

"हो, भाभी."

"तुमच्या घरात रंगाचं लय बोलणं चाललंय, असं हे सांगत होते." त्यांनी कपातला चहा हलवला. "ती गाडी उतारावर थांबती का, ते कुणी बघितलंय का?"

मी म्हटलं, "मी बघतेय."

"तुमचं ऐकत्यात का?"

बाहेर आबा फोनवर मोठ्यानं कुणाला तरी सांगत होते की ट्रेलरच्या मागं काय लिहायचं ते ठरलंय.

* * *

डिग्रीचं सर्टिफिकेट आणायला मी सांगलीला गेले. दोन दिवस. तेवढेच पुरले.

परत आले तर दारात ट्रेलर उभा. तोच, उंच, जोडलेल्या हाडाचा. पुढं ओढायला एक जुनाट ट्रक, त्याचा मागचा एकच ॲक्सल इंजिनवर फिरणारा. दोन्ही नखशिखांत पिवळे! वेल्डिंगसुद्धा पिवळं!

"बघ," आबा म्हणाले, "कशी उठून दिसतीय."

मी सर्टिफिकेटची गुंडाळी आप्पांच्या हातात दिली. ते म्हणाले, "झालं गेलं. आता शुभ बोल."

"कुणाच्या जिवावर शुभ बोलू, आप्पा?"

आप्पांची मान नेहमीसारखी हलली नाही. खाली गेली.

* * *

निघायचा दिवस. आषाढातली ढगाळ सकाळ. पोकलेन ट्रेलरवर चढवलेलं, साखळदंड आवळलेले. आईनं ओवाळलं, नारळ फुटला, भंडारा उधळला. सांगलीचा तो गॉगलवाला मालकही मुद्दाम आला होता, गाडीबरोबर फोटो काढायला. अर्धा गाव जमलेला. मागं आमची जीप तयार.

सलीमभाईंनी चावी घेतली. वर चढून इंजिन चालू केलं, तसंच ठेवून खाली उतरले, ट्रेलरला एक वळसा घातला, मधेच वाकून त्या पट्टीवर तळहात ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी आजवर कुठल्याच कामाला नाही म्हटलेलं नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "थांबा. हा ट्रेलर सगळ्यांना पसंत आहे ना? केबिनमध्ये तीन माणसं बसतात. ज्यांनी हात लावून पास केला त्यांनी सलीमभाईंच्या शेजारी बसायचं. कोयनेचा घाट चढून उतरेपर्यंत. आबा, पहिले तुम्ही."

आबांनी गुडघा धरला. "माझं गुडघं... एवढ्या उंच कोन चढतंय, पोरी."

"उंच तुम्हीच निवडला. नाना?"

"मला डिझेलच्या वासानं मळमळतं," नाना म्हणाले. मुंबईत आयुष्य काढलेला माणूस!

"मालक?"

"मॅडम, मला सांगलीला लग्नाला पोचायचंय."

"भर आषाढात? कुणाचं?"

त्यानं गॉगल डोळ्यांवर ओढला.

"आप्पा?"

आप्पा जीपकडे बघून म्हणाले, "जीप मधेच बंद पडली तर ढकलायला माणूस नको का?"

आणि बघता बघता सगळे जीपकडे सरकले. आबा सगळ्यात आधी. गुडघा धरलेला माणूस टुणकन आत चढला. नाना, आप्पा, आणि लग्नाला निघालेला मालकसुद्धा, "साताऱ्यापर्यंत सोडा" म्हणत आत. खिडकीतून हात काढून आबांनी हुकूम सोडला, "चल रं सलीम! देवाचं नाव घे आणि काढ गाडी! आमी हावच मागनं!"

सलीमभाई पिवळ्या ट्रकच्या दारापाशी उभे होते. त्यांनी ट्रककडे बघितलं. जीपकडे बघितलं. हात पुसले, चालत आले आणि जीपचं मागचं दार उघडलं.

"आप्पा, जरा सरका की."

आप्पा सरकले. सलीमभाई आत बसले आणि दार ओढून घेतलं. पुढं ट्रकचं इंजिन तसंच धडधडत होतं, केबिन रिकामी.

आबा मान वळवून म्हणाले, "आरं, तू हितं का बसलास?"

"तुमी कसं निघालाय, आबा?"

"आमी? आमी ट्रेलरच्या मागनं येनार की!"

"मग मी बी तसाच येतो," सलीमभाई म्हणाले, आणि मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिले. "ट्रेलर निघाला, की निघू."